विचारणारी आपल्यातलीच असावी
(सामुदायिक रेडिओवरून झालेले भाषण)



मागच्या वेळी आपण बँकेच्या कर्जफेडीवर बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे. आज आम्ही एका परिषदेची माहिती सांगणार आहोत. ही परिषद कर्ज देत नाही, अनुदान देत नाही, शिलाई मशीनही देत नाही. तिचं नाव इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी. आपण तिला भारतीय समाजशास्त्र परिषद म्हणू.

तुम्ही म्हणाल, बाई, आमचं तिच्याशी काय घेणं?

घेणं दोन प्रकारचं आहे. पहिलं म्हणजे आपल्या कितीतरी गटांतल्या सखींच्या मुली परतवाड्याला, अमरावतीला बी.ए. करतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा एक विषय समाजशास्त्र असतो. गटाच्या बैठकीत आम्हाला दरवेळी कोणीतरी विचारतंच, "ताई, समाजशास्त्र शिकून पोट्टी करीन काय?" त्याचं नीट उत्तर आज द्यायचं आहे. दुसरं म्हणजे आपल्या मेळघाटात प्रश्न विचारायला येणाऱ्या माणसांची कधी कमी नव्हती. वही घेऊन आले, टॅब घेऊन आले, विचारून गेले. हे प्रश्न कुठे तयार होतात, कोण तयार करतं, आणि त्यात आपलं काय चालतं, हे आपल्याला कळलंच पाहिजे.

आधी समाजशास्त्र म्हणजे काय ते पाहू. घाबरू नका, तुम्ही ते केलेलं आहे. गावात उमेदचं काम सुरू झालं तेव्हा आपण चौकात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला होता, आठवते का? विहीर कुठे, अंगणवाडी कुठे, कोणाचं घर कुडाचं, कोणाला जमीन नाही, कोणत्या घरची बाई एकटी आहे, दिवाळीनंतर कोणतं घर कुलूप लावून कामाला जातं, हे सगळं आपण खडे आणि पानं ठेवून दाखवलं. मग ग्रामसभेत वाचून दाखवलं आणि चुकलं ते दुरुस्त केलं. माणसं एकत्र कशी राहतात, कोणाच्या वाट्याला काय येतं आणि का येतं, हे पाहायचं, मोजायचं, विचारायचं आणि लिहून ठेवायचं. यालाच समाजशास्त्र म्हणतात. फरक एवढाच की आपण ते रांगोळीनं केलं, विद्यापीठात ते पुस्तकांनी करतात.

आता परिषद. जसा आपला गट, दहा-बारा गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ, तशी ही समाजशास्त्र शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना आहे. सभासद वर्गणी भरतात, अध्यक्ष-सचिव निवडतात आणि दरवर्षी देशात कुठेतरी अधिवेशन भरवतात. १९५१ साली मुंबईत ती सुरू झाली. सुरू करण्यात पुढे होते गोविंद सदाशिव घुर्ये. हे मूळचे कोकणातल्या मालवणचे. १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला आणि देशभर शिकवणारे विद्यार्थी घडवले. १९५२ पासून परिषदेचं 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' हे नियतकालिक निघतं, आजही निघतं. आता परिषदेचं कार्यालय दिल्लीत आहे. म्हणजे जी गोष्ट आपल्याला परकी वाटते, तिची सुरुवात मराठी माणसाच्या हातून, आपल्याच राज्यात झालेली आहे.

सभासद झालं की मिळतं काय? चार गोष्टी सांगतो. एक, वार्षिक अधिवेशनात आपला अभ्यास मांडता येतो. त्याला शोधनिबंध वाचणं म्हणतात. दोन, परिषदेच्या वीसहून जास्त संशोधन समित्या आहेत. कोणी शेतकरी आणि आदिवासी समाजावर, कोणी स्त्री-पुरुष भेदावर, कोणी आरोग्यावर, कोणी शिक्षणावर काम करतं. आपल्या आवडीच्या समितीत नाव घालता येतं आणि देशभरात तोच विषय अभ्यासणारी माणसं भेटतात. तीन, नियतकालिकात लेख पाठवता येतो. इंग्रजी जमत नसेल तर परिषदेचं हिंदी नियतकालिकही आहे, 'भारतीय समाजशास्त्र समीक्षा'. आपल्या पोरींना हिंदी काही नवीन नाही, धारणीचा बाजार हिंदीतच चालतो. चार, तरुण अभ्यासकांच्या चांगल्या लेखासाठी एम. एन. श्रीनिवास यांच्या नावाचं पारितोषिक आहे. हे श्रीनिवास म्हणजे घुर्यांचेच विद्यार्थी. कर्नाटकातल्या एका खेड्यात राहून त्यांनी टिपणं केली होती. १९७० साली अमेरिकेत ते पुस्तक लिहायला बसले असताना आग लागली आणि टिपणं जळाली. मग त्यांनी ते गाव आठवणीतून लिहून काढलं. १९७६ साली ते पुस्तक आलं आणि आजही कॉलेजात शिकवलं जातं.

आता एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या घुर्यांनी परिषद उभी केली त्यांनी १९४३ साली आदिवासींवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटलं. त्याच काळात मध्य प्रांतात आदिवासींमध्ये राहणारे व्हेरिअर एल्विन म्हणत होते की यांना यांच्या पद्धतीनं जगू द्या. दोघेही मोठे विद्वान. दोघांचा वाद पुष्कळ गाजला. पण त्या वादात आपल्या डोंगरातली बाई कुठेच बोलत नव्हती. आपण कोण, हे दुसरेच ठरवत होते. विद्वान माणूस प्रामाणिक असतो, कष्ट करतो, तरी तो उभा असतो तिथूनच त्याला दिसतं. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणी उभ्या असलेल्या माणसांनी पाहायला हवं. बायांनी पाहायला लागल्यावर काय बदललं ते ऐका.

पहिल्या इरावती कर्वे. या घुर्यांच्याच विद्यार्थिनी, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. पुढच्या अभ्यासाला त्या जर्मनीत बर्लिनला गेल्या. तिथल्या गुरूंचं म्हणणं होतं की गोऱ्या लोकांची कवटी आणि बाकीच्यांची कवटी यांत फरक असतो, आणि त्यावरून कोण हुशार ते ठरतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. गुरूंना हवं होतं ते उत्तर मोजमापातून निघत नव्हतं. परक्या देशात, एकटी मुलगी, गुण त्यांच्याच हातात. तरी जे निघालं तेच तिनं लिहिलं. पुढे पुण्यात त्या प्राध्यापक झाल्या. भारतभर फिरून कोणत्या समाजात नातीगोती कशी असतात, लग्नं कशी जमतात, यावर त्यांनी १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्या पंढरीच्या वारीतही चालल्या होत्या. दिवसभर सगळ्या बाया एका सुरात अभंग म्हणत आणि जेवायची वेळ झाली की जातीप्रमाणे वेगळ्या बसत. इरावतीबाईंना ते खुपलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. वारीला तर लाखो माणसं जातात. पाहणारी एखादीच असते.

दुसऱ्या लीला दुबे. याही मराठी घरातल्या, १९२३ चा जन्म. त्यांनी पीएच.डी. केली ती गोंड बायांच्या जगण्यावर. आपण शेतकरी बाया, त्यांचं एक म्हणणं आपल्याला लगेच कळेल. आपल्याकडे म्हणतात ना, पुरुष म्हणजे बी आणि बाई म्हणजे जमीन. लीलाबाई म्हणाल्या, या बोलण्यात एक डाव आहे. बी ज्याचं त्याचं पीक, असं एकदा ठरलं की लेकरू बापाचं आणि घरदारही त्याचंच होतं. जमिनीनं फक्त राबायचं, मागायचं काही नाही. सातबाऱ्यावर नाव लावायला गेल्यावर आपल्याला जे ऐकावं लागतं, त्याचं मूळ त्यांनी शोधून दाखवलं.

१९७१ साली सरकारनं देशातल्या बायांची स्थिती पाहायला एक समिती नेमली. लीलाबाई तिच्या सदस्य होत्या. १९७४ मध्ये समितीचा अहवाल तयार झाला, 'समतेकडे' अशा अर्थाचं त्याचं नाव. त्या अहवालानं देशाला हादरवलं. स्वातंत्र्याला पाव शतक होऊन गेलं होतं, तरी दर हजार पुरुषांमागे बायांची संख्या कमी होत चालली होती. १९०१ साली ९७२ होती, १९७१ साली ९३० वर आली. आकडे आधीपासून सरकारी पुस्तकात पडून होते. त्यांच्याकडे बोट दाखवून विचारणाऱ्या बाया आल्या तेव्हा ते सगळ्यांना दिसले.

त्याच वर्षी, १९७४ मध्ये, मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई या समाजशास्त्राच्या प्राध्यापिकेनं स्त्रियांच्या प्रश्नांवर संशोधनाचा विभाग सुरू केला. १९८१ साली तिथेच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली आणि १९८२ मध्ये भारतीय स्त्री-अभ्यास संघटना उभी राहिली. ही दुसरी संघटना लक्षात ठेवा. तिथे प्राध्यापक असतात तशा गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्याही असतात.

आणि पुण्याच्या शर्मिला रेगे. २०१३ साली त्या अकाली गेल्या. दलित बायांनी लिहिलेली आत्मचरित्रं हे खरं समाजशास्त्र आहे, त्यातून समाज कळतो, असं त्यांनी ठामपणे मांडलं. मराठी माध्यमातून आलेल्या मुली वर्गात गप्प बसू नयेत म्हणून त्या दोन्ही भाषांत शिकवत. इंग्रजी कमी आहे म्हणून मागे राहणाऱ्या पोरींना आम्ही हे नाव मुद्दाम सांगतो.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यानं आपल्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला? एकच उदाहरण देतो. जनगणनेत विचारतात, तुम्ही काम करता का? आपण काय सांगतो? "नाही बापा, घरीच असतो." निंदण केलं, मोहफुलं वेचली, गुरांचं शेण काढलं, कुटकी कांडली, आणि म्हणायचं घरीच असतो! कारण काम म्हणजे ज्याची मजुरी मिळते ते, असं आपल्याही डोक्यात बसलं आहे. अभ्यासक बायांनी आणि संघटनांनी यावर आवाज उठवला. मग १९९१ च्या जनगणनेत त्या प्रश्नाला थोडे शब्द जोडले गेले: शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून. तेवढ्या शब्दांनी लाखो बाया कामकरी म्हणून कागदावर येण्याची वाट उघडली.

पुढे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे २४ तास कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, असं निघालं. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटं. आता पुढची जनगणना येते आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस आहे आणि या वेळी जातीचीही नोंद होणार आहे. घरी माणूस आला की कामाच्या प्रश्नाला "घरीच असतो" म्हणायचं नाही. काय काय करता ते एकेक सांगायचं. भाषेच्या रकान्यात आपली बोली सांगायची. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांवर मोजले गेले. जी घरात कोरकू बोलते तिनं कोरकूच लिहायला सांगावं.

आता आपल्या मेळघाटाकडे येऊ. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली. तेव्हापासून आपल्या पायवाटेवर किती जीपा आल्या याचा हिशेब नाही. त्यातले बरेच जण मनापासून काम करणारे होते. त्यांच्यामुळे दवाखाने आले, रस्ते आले, कोर्टात प्रश्न गेला, हे नाकारायचं नाही. पण विचारण्याच्या रीतीमुळे कसं नुकसान होतं, तेही पाहिलं पाहिजे.

एक पाहणी ऐन जानेवारीत झाली. आपली कितीतरी घरं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला, फगव्याला परत येतात. पाहणीवाल्यांना दारावर कुलूप दिसलं, त्यांनी पुढचं घर धरलं. जी घरं सगळ्यात अडचणीत, तीच कागदातून निसटली. दुसऱ्या एका पाहणीत विचारलं, काल जेवणात भाजी होती का? आमच्या एका सखीनं नाही सांगितलं. आदल्या दिवशी तिनं रानातला पाला शिजवला होता. पण तिच्या मनात भाजी म्हणजे परतवाड्याच्या बाजारातून विकत आणलेली. कागदावर लिहिलं गेलं, भाजी खात नाहीत. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. एका सखीच्या नातवाचा फोटो कोणीतरी काढला. "बाळाला मदत मिळेल" म्हणाले. वर्षानं तो फोटो एका छापील पुस्तिकेत दिसला, खाली लिहिलेलं कुपोषित बालक. पोरगं तोवर चांगलं धडधाकट झालेलं. आजी ती पुस्तिका हातात धरून आम्हाला म्हणाली, "माह्या नातवाले असं नाव काऊन देलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

असं होऊ नये म्हणून संशोधकांचे स्वतःचे नियम असतात. आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटनेची आचारसंहिता आहे. तिचं सार असं की माहिती घेण्याआधी माणसाची संमती घ्यायची आणि त्याचं नाव-गाव, खासगी गोष्टी जपायच्या. म्हणजे आपण प्रश्न विचारले तर तो उद्धटपणा होत नाही. चांगल्या संशोधकाला ते आवडतंच. म्हणून गटाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हे पाच प्रश्न लिहून ठेवा. पेन घ्या, हळूहळू सांगतो.

पहिला: तुम्ही कोणाकडून आलात आणि ओळखपत्र आहे का?
दुसरा: ही माहिती कशासाठी हवी आहे?
तिसरा: आमचं नाव, गाव, फोटो कुठे छापणार का?
चौथा: एखाद्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तर चालेल ना? त्यामुळे आमचं रेशन किंवा योजना बंद होणार नाही ना?
पाचवा: काय निघालं ते सांगायला गावात परत कधी येणार?

एक लक्षात ठेवा. जनगणनेचं वेगळं आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानं तिथे उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि तुम्ही दिलेली माहिती गुप्त ठेवणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. बाकी संशोधनाला हो म्हणायचं की नाही, हा आपला हक्क आहे.

आता मूळ प्रश्न, पोट्टी करीन काय?

आम्ही खोटी आशा दाखवणार नाही. समाजशास्त्रात एम.ए. झालं की नोकरी दारात उभी राहते, असं नाही. कॉलेजातली कायम जागा मिळायला वर्षं जातात आणि तोवर तासिकेवर राबावं लागतं. हे माहीत असू द्या. पण वाटा आहेत. त्या क्रमानं सांगतो.

बी.ए. करताना प्रकल्प करावा लागतो. पुष्कळ मुली दुकानातून तयार प्रकल्प आणतात. तसं करू देऊ नका. आपल्याच गावाचा विषय घ्यायला सांगा. मोहफुलांचं उत्पन्न बाईच्या हातात किती राहतं? हंगामी कामाला गेलेल्या घरातल्या लेकरांची शाळा कशी चालते? लमझना म्हणून सासरी राहून कष्ट करणाऱ्या जावयाची रीत आता किती उरली? बाहेरच्या माणसाला हे समजायला महिना लागेल. आपल्या पोरीला चुलीजवळ बसून समजतं. शिवाय ती कोरकूत विचारू शकते. 'कोरकू' या शब्दाचाच अर्थ माणसं. माणसांना त्यांच्या भाषेत विचारलं की उत्तरही वेगळं येतं.

पुढे एम.ए. अमरावतीला संत गाडगे बाबा विद्यापीठ १९८३ पासून आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचं ग्रामीण केंद्र तुळजापूरला आहे, तिथेही अर्ज करता येतो. एम.ए. करतानाच मराठी समाजशास्त्र परिषदेची ओळख करून घ्यावी. ही आपल्या भाषेतली परिषद, तिच्या अधिवेशनात मराठीतून निबंध वाचता येतो. पहिल्यांदा उभं राहायला ही जागा चांगली. आवाज मोकळा झाला की मग देशपातळीवरच्या परिषदेत जावं. सभासद होण्याची अट काय, वर्गणी किती, अर्ज कसा, हे कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या मॅडमना किंवा सरांना विचारायचं. बरेच प्राध्यापक स्वतः सभासद असतात. पोरींनी विचारलं की त्यांनाही बरं वाटतं.

त्यानंतर नेट आणि सेट या परीक्षा. त्या पास झाल्या की प्राध्यापक होण्याचा दरवाजा उघडतो आणि नेटमध्ये चांगले गुण पडले तर संशोधनासाठी दरमहा पैसेही मिळतात. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या ७५० अधिछात्रवृत्त्या आहेत. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ पासून संशोधनाला पैसे देते. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. जिच्या नावात आदिवासी संशोधन आहे, तिथे आपल्या डोंगरातल्या मुली दिसल्या पाहिजेत की नाही?

पीएच.डी. सगळ्यांना जमणार नाही, गरजही नाही. हाच विषय स्पर्धा परीक्षांना उपयोगी पडतो. संस्थांमध्ये पाहणीचं काम मिळतं. उमेदच्या, माविमच्या कामातही लागतो. आम्ही स्वतः बी.ए.वरच या कामाला लागलो. गावाचा नकाशा काढायला बसलो की वर्गात ऐकलेलं आठवतं.

ज्या तायांची शाळा लग्नानं सुटली, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घरी अभ्यास करून मराठीतून बी.ए. करता येते. लेक आणि माय एकाच वर्षी परीक्षेला बसल्या तर आम्हाला आनंदच आहे.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. अधिवेशन कधी दक्षिणेत असेल, कधी उत्तरेत. रेल्वेचं भाडं, नोंदणी, राहणं. घरचे म्हणतात, एवढा खर्च कशाला, आणि एकटी पोरगी कशी पाठवायची. यावर आमचं म्हणणं असं. गट लग्नाला अंतर्गत कर्ज देतो, बारशाला देतो, मोटारसायकलच्या हप्त्यालाही देतो. मग एखाद्या सखीच्या मुलीला आपल्या गावावरचा निबंध वाचायला जायचं असेल तर त्याला कर्ज का नको? तसा ठराव ग्रामसंघात घेता येतो. आणि एकटी पाठवायची नसेल तर दोघींना पाठवा, मॅडमच्या सोबत पाठवा. परत आल्यावर तिनं ग्रामसंघात येऊन काय पाहिलं ते सांगायचं, एवढी एक अट घाला.

आणखी एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायची. गावात कोणतीही मोठी पाहणी आली की विचारायचं, आमच्या शिकलेल्या मुलींना या कामात घेता का? रोजानं घ्या, पण नुसतं वाट दाखवायला नको. प्रश्न बनवतानाच तिला बसवा. जानेवारीत येऊ नका, होळीला या, हे ती आधीच सांगेल. भाजी म्हणताना रानातला पालाही विचारा, हेही ती सांगेल. आणि त्या आजीच्या नातवाच्या फोटोखाली काय छापायचं आणि काय नाही, हे तिला कोणी शिकवायची गरज पडणार नाही.

तर पुढच्या बैठकीचं काम सांगतो. एक, आपल्या गटातल्या कोणाकोणाच्या मुली बी.ए. किंवा एम.ए.ला आहेत आणि त्यांचा विषय काय, याची यादी करा. दोन, ते पाच प्रश्न मोठ्यानं वाचा, लिहिता-वाचता न येणाऱ्या सखींनाही पाठ व्हायला हवेत. तीन, यादीतल्या एका तरी मुलीला बैठकीला बोलवा आणि विचारा, तू आपल्या गावाबद्दल काय शोधून काढशील? ती पहिल्यांदा लाजेल. तिला वेळ द्या.

यादी तयार झाली की प्रभागसंघाच्या बैठकीत आमच्याकडे द्या. सगळ्या गावांच्या याद्या एकत्र करून आम्ही कॉलेजातल्या शिक्षकांशी बोलू आणि या मुलींची एक दिवसाची भेट ठरवू. तारीख याच कार्यक्रमात सांगू.

चिखलदऱ्याहून तुम्हा सगळ्यांना नमस्कार. पुढच्या वेळी सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं, त्यावर बोलू. कागद शोधून ठेवा.